फाटकापाशी पक्का दुभाजक हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोंडीची बातमी आली की रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा, एवढीच मागणी होते. आमच्या गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावरची कोंडी रस्ता अरुंद म्हणून होत नाही. फाटक पडले की आधी डावीकडे नीट रांग लागते. मग मागून दुचाकीस्वार येतात, उजव्या बाजूने पुढे घुसून थेट दांड्याला चाक टेकवतात. त्यांच्यामागे रिक्षा, तिच्यामागे एखादी जीप. रुळांपलीकडेही तेच. गाडी निघून जाते, फाटक उघडते आणि रस्ताभर पसरलेली दोन्हीकडची वाहने एकमेकांच्या तोंडावर येतात. गळीत हंगामात त्यात उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर सापडला की संपलेच, कारण दोन ट्रॉल्या मागे घेणे जवळपास अशक्य असते. आणि हा सगळा खेळ रुळांवर! फाटक पुन्हा पाडायचे तर गेटमनला हातापाया पडून वाहने बाजूला काढावी लागतात.

मी संगणक नेटवर्कच्या कामात आहे. हीच अडचण आमच्या क्षेत्राने फार पूर्वी पाहिली. अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने १९७१ साली बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, तेव्हा एकाच वाहिनीवर ज्याने त्याने हवे तेव्हा संदेश पाठवायचा, अशी पद्धत होती. संदेश एकमेकांवर आदळत. गणिताने दिसले की अशा बेशिस्तीत वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते. पुढे इथरनेटने, म्हणजे संगणक तारेने जोडण्याच्या पद्धतीने, नियम घातला: आधी तार मोकळी आहे का ते बघा, तरीही टक्कर झाली तर दोघेही थांबा आणि वेगवेगळ्या वेळाने पुन्हा पाठवा. ते निभावले, कारण आदळलेला संदेश पुन्हा पाठवता येतो. रुळांवर अडकलेल्या ट्रॅक्टरला ती सोय नाही.

प्रश्न खरा सुटला तो जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी केल्यावर. १०० मेगाबिटच्या केबलमध्ये तारांची एक जोडी पाठवण्यासाठी, दुसरी घेण्यासाठी आणि मध्ये स्विच, म्हणजे ज्याचा संदेश त्यालाच पोहोचवणारी पेटी. टक्कर व्हायला जागाच उरली नाही. कोण किती समजूतदार आहे, यावर काही अवलंबून राहिले नाही.

आमच्या फाटकापाशी या दोन वाटांमध्ये आहे फक्त एक पांढरा पट्टा, तोही पुसलेला. म्हणून मागणी साधी आहे. रांग जिथवर लागते तिथवर, दोन्ही बाजूंना सिमेंटचा पक्का दुभाजक घाला. रबरी खांब नकोत, ते चाकाखाली जातात. दुभाजकाने रस्ता आणखी अरुंद होईल, असा आक्षेप मी ऐकला आहे. पण उजवी बाजू रिकामी राहिली तरच समोरून येणाऱ्याला निघायला वाट मिळते, आणि फाटक उघडल्यावर रुग्णवाहिकाही रांगेसोबत लगेच पुढे सरकते. भुयारी मार्ग होईल तेव्हा होईल. दुभाजकाचे काम त्यासाठी अडवून ठेवू नये. पाऊस थांबला की, उसाच्या गाड्या सुरू व्हायच्या आत ते व्हावे.

आपला,
एक वाचक