चंपा कुणाची?

सांगली, रविवार

प्रिय शुभी,

दिवाळीपासून फोन करीन करीन म्हणतेय, पण हे फोनवर सांगण्यातलं नाही. आम्ही बरे. माझा गुडघा कुरकुरतोय, ह्यांची शुगर आहे तशीच.

तर ऐक. आमच्या आईंनी चंपा पळवली.

हसू नकोस. फोटोसाठी मी जो घालून चंपा होते, तो माळ्यावरचा मुखवटा काढून उन्हात ठेवला होता. लगद्यात घातलेल्या मेथीचा वास अजून जात नाही त्याचा. आईंनी उचलला, तोंडाला लावला नि आरशापुढं उभ्या. "आत गार लागतंय गं. चल, घाटावर फोटो काढ माझे."

तुला माहितीयत ना आई? मामंजींच्या फोटोपुढून जातानाही डोक्यावर पदर. तिथं पायरीवर फतकल मारून बसल्या, पदर घसरला तो उचलला नाही, आणि टकमका बघणाऱ्या एका बाप्याला "काय रे, बाई बघितली नाहीस कधी?" म्हणून दरडावलं. मागं आयर्विन पूल. इतकी वर्षं मी चंपा होऊन उभी राहिले, पण माझी चंपा फोटोत कायम पोट आत ओढून. तू हे कॉलेजातच म्हणाली होतीस नि मी महिनाभर अबोला धरला होता. तुझं म्हणणं अजूनही मला अर्धंच मान्य आहे, उगीच फुगू नकोस.

आता पुण्याच्या प्रदर्शनवाल्यांना नेमके हेच फोटो हवेत. खाली नाव कुणाचं? आपल्या पुष्पमाला एन. आठव, स्वतःच सोंगं घेऊन फोटोत उभ्या राहणाऱ्या कलाकार. त्यांच्या १९९६–९८ च्या फोटोमालिकेतली ती 'फँटम लेडी', 'हंटरवाली' सिनेमातल्या (१९३५) नादियाच्या थाटात मुखवटा घालून मुंबईत हिंडणारी. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात, पण बाई त्या स्वतः, म्हणून काम त्यांचं. तो न्याय लावला तर हे सगळं आईंचं, मी नुसती बटण दाबणारी. पुढं 'नेटिव्ह विमेन' या फोटोमालिकेला त्यांच्या जोडीनं छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांचंही नाव लागलं. तसं दोघींचं घालावं म्हटलं, तर आई म्हणतात, "नाव छापायचं होतं तर तोंड कशाला झाकलं मी?"

घे! नाव गाळलं तर मी त्यांचं काम ढापलं. घातलं तर उद्या भावकीत तोच पदर पुन्हा डोक्यावर. ह्यांना विचारलं, तर म्हणे, "पैसे कुणाच्या खात्यात येणार, ते आधी सांग."

नागठाण्याला जाताना आपण एसटीत बालगंधर्वांवरून कचाकचा भांडलो होतो, कंडक्टर मध्ये पडला होता बघ. बाईनं कसं नेसावं, कसं चालावं हे बायका एका पुरुषाकडून शिकल्या, हा तुझा मुद्दा. परवा आईंना तो सांगितला. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "बाप्या बाई झाला की वन्स मोअर, आणि बाई जरा ऐसपैस बसली की तमाशा होय?" तुम्हा दोघींना एकत्र बसवायला नको, घर डोक्यावर घ्याल.

मला वाटतं, खाली नुसतं 'चंपा' छापावं आणि मानधन आईंना द्यावं. पण मग मी त्यात कुठं? हे स्वार्थी वाटतंय का, खरं सांग. गुळमुळीत लिहू नकोस.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीला आशीर्वाद. भडंग पाठवतेय, यंदा तिखट जरा जास्त पडलंय.

आईंनी दुसऱ्या मुखवट्याची ऑर्डर दिलीय. मिशीवाला पाहिजे म्हणतात.

तुझी,
मंदा