चौथ्या मजल्यावरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नेरूळच्या आपल्या सोसायटीत कुणाचंही वायफाय अडलं की तुमच्या दाराची बेल वाजते. मीही त्यातलाच. तोंडी आभार मानायला गेलं की 'काका, त्यात काय एवढं' म्हणून तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. घरी नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला फाइली साठवायचा डबा, घेणाऱ्या आणखी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

हिच्या गाण्याच्या शिकवणीची जुनी रेकॉर्डिंग, नातवंडांचे फोटो आणि घराची कागदपत्रं एका जागी राहावीत, पुण्याच्या मुलाला तिथून बघता यावीत, एवढ्यासाठी तो दोन डिस्कचा डबा आणला. दुकानदार म्हणाला होता, 'दोन्हीवर तेच असतं, बिनधास्त राहा.' तुम्ही खोक्याची चिकटपट्टी काढायच्या आधीच सांगितलंत, की हे मिररिंग आहे, बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर दुसरी तारून नेईल, पण हातून फाइल पुसली गेली तर दोन्हीकडून एकदमच जाईल. आणि डबाच पाण्यात गेला तर? २६ जुलै २००५ ज्यांनी इथे काढलाय, त्यांना हे समजवावं लागत नाही.

म्हणून एक प्रत डब्यात, एक घरातल्या वेगळ्या डिस्कवर आणि एक ठाण्याला नौपाड्यात लेकीकडे, पासवर्डने कुलूपबंद. ही तिसरी इंटरनेटवरून पाठवू म्हणालो, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडलात: १०० एमबीपीएसची लाइन न थांबता पूर्ण वेगाने चालली तरी १ टीबीला २२ तास. ट्रान्स-हार्बर लोकल त्याहून बरी!

खरे आभार मात्र तुम्ही राउटरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट डब्यापर्यंत यायचं दार, उघडून द्यायला नकार दिलात त्याचे. यूट्यूबवर सगळे तेच करायला सांगतात. आपल्याकडे ते चाललंही नसतं, कारण राउटरला मिळालेला आयपी पत्ता १००.६४ ने सुरू होणारा, म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. बाहेरून हाक मारली तर ती आपल्या दारापर्यंत येतच नाही. पण पत्ता स्वतंत्र असता तरी तुम्ही पोर्ट उघडला नसता. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या, अपडेट बंद झालेल्या डिस्क इंटरनेटवरून आलेल्या हल्ल्यात जगभर कोऱ्या झाल्या, ते तुम्ही सांगितलंत आणि माझा हट्ट तिथेच संपला. मग टेलस्केल बसवलंत, म्हणजे आपलीच उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर. डबा आणि मुलाचा फोन दोघेही आतून बाहेर जाऊन एकमेकांना गाठतात, मधला सगळा मजकूर कूटबद्ध, आणि बाहेरच्यासाठी एकही दार उघडं नाही. मुलगा आता पुण्यात बसून आईची भैरवी ऐकतो. (तिच्या सुरांवर शेरेही मारतो, तो भाग वेगळा.)

यूपीएसची यूएसबी वायर डब्याला जोडायची असते, नाहीतर वीज गेल्यावर तो नीट बंद होत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आणि ती परीक्षा! सगळं लागल्यावर तुम्ही माझ्यादेखत नातीच्या बारशाचा अख्खा फोल्डर उडवलात आणि म्हणालात, 'काका, आता परत आणा.' ही स्वयंपाकघरातून धावत आली. तुम्ही शांतपणे चहा पीत होतात, माऊसला हात लावला नाहीत. आदल्या रात्रीचा स्नॅपशॉट, म्हणजे फाइली तेव्हा जशा होत्या तशी डब्याने जपलेली नोंद, शोधून मी फोल्डर परत आणला, फोटो उघडून पाहिले, तेव्हा कुठे तुम्ही उठलात. पासवर्ड सांगू लागलो तर कानांवर हात ठेवलेत. तो आता वहीत आहे आणि वही हिच्या कपाटात.

दिवाळीत लेक येईल तेव्हा ठाण्याची डिस्क इकडे येईल आणि इथली ताजी प्रत तिकडे जाईल. त्या अदलाबदलीसाठी तुम्हाला खाली बोलावणार नाही. फराळाला मात्र यायचंच.

तुमचे,
दुसऱ्या मजल्यावरचे काका