ब्लॉकमधील अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑटोकॅड हे संगणकावर आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर शिकवताना रेषा, लेयर आणि मापे यांवर भरपूर वेळ दिला जातो. पुन्हा पुन्हा वापरायच्या ब्लॉकमधील (एकत्र बांधलेल्या चित्रसमूहातील) अ‍ॅट्रिब्यूटचा, म्हणजे दर वेळी मजकूर भरायच्या रकान्यांचा, क्रम हा विषय मात्र बहुधा राहूनच जातो. शीर्षकपट्टीचा ब्लॉक आराखड्यात घातला, की आधी आराखडा क्रमांक, मग शीर्षक, मग तारीख विचारली जावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पहिलाच प्रश्न तारखेचा येतो आणि घाईत टंकलेला क्रमांक तारखेच्या रकान्यात जाऊन बसतो. मी स्वतः असे आराखडे छापून झाल्यावर दुरुस्त केले आहेत.

याचे कारण साधे आहे. ब्लॉक तयार करताना अ‍ॅट्रिब्यूट ज्या क्रमाने एकेक निवडावेत, साधारणपणे त्याच क्रमाने प्रश्न येतात. पण सगळे एकदम चौकट ओढून निवडले, तर ते ज्या क्रमाने तयार केले त्याच्या उलट क्रमाने येतात. ब्लॉक आधीच तयार असेल, तर तो मोडायची गरज नाही (अनेक जण तो मोडतात, हे दुर्दैव). 'बॅटमॅन' (BATTMAN) ही आज्ञा देऊन अ‍ॅट्रिब्यूट वर-खाली सरकवता येतात, किंवा ब्लॉक एडिटरमध्ये (ब्लॉकमध्ये बदल करण्याच्या खिडकीत) 'बॅटऑर्डर' (BATTORDER) ही आज्ञा वापरता येते. मात्र आराखड्यात आधीच घातलेल्या प्रतींना नवा क्रम लागू करण्यासाठी 'अ‍ॅटसिंक' (ATTSYNC) ही आज्ञा द्यावी लागते, आणि त्यात एखाद्या प्रतीवर हाताने केलेले अक्षरांचे स्वरूप पुसले जाऊ शकते. प्रशिक्षण वर्गांनी यासाठी निदान एक तास राखून ठेवावा.

आपला,
एक आरेखक