दिंडीतल्या माऊलींचे मनापासून आभार

यंदा आळंदी ते पंढरपूर पहिल्यांदाच चालले. दिवेघाट चढताना दिंडीतल्या एका आजोबांनी माझं मनगट धरून टाळ कुठे दाबायचा, कुठे मोकळा सोडायचा ते दाखवलं. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकणाऱ्या एका मुलाने मुक्कामी माझ्याकडून हरिपाठाची चाल घोटून घेतली. वयाने माझ्याहून किती लहान, पण गुरूच!

पंढरपुरात आजोबांच्या पाया पडले, तर तेही लगेच वाकून माझ्या पाया पडले. शिकवणारा शिकणाऱ्यापुढे वाकतो, हे मला वारीनेच दाखवलं. तिथे सगळेच माऊली, त्यामुळे नावं कळली नाहीत. दोघांचेही खूप खूप आभार. आता घरी रोज संध्याकाळी हरिपाठ होतो, पुतण्याही टाळ घेऊन बसतो.