लंडन बघून झालं असेल तर ‘बेलीफ’ (Bayleaf) नावाचं घर बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंड सहलीवरचा लेख वाचला, छान आहे पण सगळा भर राजवाडे आणि चर्चवरच. मुलीकडे गेलो होतो तेव्हा वेस्ट ससेक्समध्ये चिचेस्टरजवळ सिंगलटनला वील्ड अँड डाउनलँड म्युझियम पाहिलं, तिथलं बेलीफ नावाचं शेतकऱ्याचं घर अजून डोळ्यासमोरून हलत नाही.

हे घर मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं, त्याचा मुख्य भाग 1405 ते 1430 च्या दरम्यान बांधलेला. 1960 च्या दशकात तिथे बाव बीच नावाचा जलाशय व्हायचं ठरलं आणि घर त्यात जाणार होतं, मग ते उकललं आणि इथे आणून परत उभं केलं. हे जमलं कारण सगळा सांगाडा ओक लाकडाचा, एका वाशाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची, बस्स. खुंट्या काढल्या की घर सुटं. भिंती म्हणजे तर आपला कोकणातला कुडच हो, काठ्या विणून वर माती, पेंढा नि शेणाचं लिंपण!

मधला हॉल थेट छतापर्यंत मोकळा, दोन्ही टोकांना मात्र माडी आणि ती माडी पुढे बाहेर आलेली, त्यामुळे समोरून बघताना मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज आणि आतून झडपा. आणि धुराडंच नाही! जमिनीवर हॉलच्या मधोमध चूल, धूर वर चढून छतातून वाट काढणार. मान वर करून पाहिलं तर आढ्याजवळची लाकडं काजळीने काळीकुट्ट, आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या वाशांसारखीच, तिथे मी किती वेळ उभा होतो मलाच कळलं नाही.

आतलं सामान 1540 च्या सुमाराचं वाटेल असं मांडलंय, पलंग, बाकं, पेट्या सगळं नव्याने बनवलेलं, त्यामुळे हात लावला तरी कोणी ओरडत नाही. त्याच जलाशयातून वाचवलेलं विंकहर्स्टचं स्वयंपाकघरही तिथेच आहे, तेही चुकवू नका.

लेखकांनी पुढच्या भागात याबद्दल जरूर लिहावं, फोटोसकट. आणि जाणाऱ्यांनी सकाळीच जावं, चूल पेटलेली असली तर दारातून येणाऱ्या उन्हाच्या तिरपेत धूर कसा वर चढतो ते दिसतं.

आपला नियमित वाचक,
रत्नागिरी