नॉन बीटीचं पाकीट आणि ऑफिसातलं एआय

संपादक महोदय,
स.न.

एआयमुळे कंपन्यांनी कसं बदलावं यावर हल्ली रोज काही ना काही छापून येतं आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, बलवान टिकत नाही, बदलाशी जुळवून घेणारा टिकतो, इति डार्विन. आमच्या ऑफिसात तर लिफ्टशेजारी त्याचं पोस्टरच लावलंय. डार्विन असं कुठेही म्हणालेला नाही. लिऑन मेगिन्सन नावाच्या अमेरिकन मॅनेजमेंटच्या प्राध्यापकाने १९६३ साली डार्विनचं सार म्हणून हे सांगितलं आणि पुढे ते डार्विनच्याच नावावर चिकटलं. असो, तेही चाललं असतं, पण अर्थच उलटा लागतो ना.

१९७७ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर मोठा दुष्काळ पडला. ग्रँट हे संशोधक नवरा-बायको तिथे फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या चोची मोजत होते. बारीक बिया संपल्या, उरल्या मोठ्या टणक, त्यात आपल्या सराट्याच्या भाऊबंदाच्या काटेरी बिया. ज्यांची चोच आधीपासून जाड होती ते त्या फोडून जगले, शंभरातले ८५ च्या आसपास मेले. एकाही पक्ष्याने ट्रेनिंग घेऊन चोच वाढवली नाही! पुढे १९८३ ला धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि मग लहान चोचवाल्यांचे दिवस आले. म्हणजे १९७७ लाच सगळे लहान चोचवाले संपले असते तर १९८३ नंतर निवडायला होतं कोण?

पण गॅलापागोस कशाला, आमच्या वावरातच हे सगळं झालंय. मी यवतमाळकडचा, घरची कपाशी. २००२ ला बीटीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला, परवानगी मिळाली, पहिली काही वर्षं बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन बीटीचं छोटं पाकीट यायचं, ते धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने चार बाजूंनी लावायचं. का, तर तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटी पचवलेल्या एखाद-दुसऱ्या पतंगाशी जुळतात आणि पुढची पिल्लं बीटी खाऊन मरतात, म्हणजे अळीला औषध पचायला वेळ लागतो. आम्ही काय केलं? पाकीट फेकून दिलं. बाबा म्हणायचे, अळीसाठी कपाशी कोण लावतं रे! सगळ्या गावाचं तेच. वर फरदड घ्यायची, म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी उपटायची नाही, आणखी वेचणी घ्यायची, म्हणजे अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायची सोय. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने विदर्भ झोपवला. फुलं उमलेनात, नुसत्या डोमकळ्या, आणि बोंड बाहेरून हिरवंगार, अळी आत शिरली की भोक बुजून जातं, नखाने फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडलेला कापूस, वेचणीला हातात कवडी, म्हणजे किडका डागाळलेला कापूस.

आता ऑफिसचं सांगतो, नाव लिहीत नाही. आम्ही मेडिक्लेमची बिलं तपासतो. दीड वर्षापूर्वी एआयवालं सॉफ्टवेअर आलं, हाताने बघणारे नऊ होते ते दोन उरले, नवीन पोरांना कागद वाचायला शिकवणं बंद. आमचे एक सिनियर होते, ते मेडिकलच्या बिलांचे नंबर बघायचे. तीन बिलं, तारखांत आठ-आठ दिवसांचं अंतर आणि नंबर मात्र ४११, ४१२, ४१३, म्हणजे त्या दुकानात मधे दुसरं गिऱ्हाईकच आलं नाही की काय! असे त्यांचे पन्नास प्रकार होते, कुठेच लिहिलेले नाहीत, सिनियर घरी गेले तसे ते प्रकारही त्यांच्याबरोबर गेले. सॉफ्टवेअर भरपूर खोटी बिलं पकडतं, नाही म्हणत नाही, आमच्यापेक्षा जास्तच पकडतं. पण जे पकडलं जात नाही तेच पुढच्या महिन्यात पुन्हा येतं, तसंच, आणि चार गावांहून. चाळणी सगळीकडे एकच, तर तिच्यातून सुटणारा मालच वाढणार. बरं खोटं बिल बनवणाऱ्याकडेही एआय आहेच की. हल्ली बिलं इतकी स्वच्छ येतात, ना चुरगळलेली ना चहाचा डाग, की मला स्वच्छ बिलाचीच शंका येते.

म्हणून साहेबांना म्हटलं, रोज शंभर बिलं चिठ्ठी टाकल्यासारखी उचला, सॉफ्टवेअरचं उत्तर न दाखवता माणसाला द्या, शेजारी एक नवीन पोरगा बसवा. साहेब म्हणाले, डबल काम होतंय, कॉस्ट कोणाच्या नावावर टाकू? (पोस्टर त्यांनीच लावलंय.)

कृषी खात्याचे लोक अजून सांगतात, एकरी २० हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा, बाहेरून बघून काही कळत नाही. २०१७ नंतर बाबा दर हंगामात फोडतात, धुऱ्यावर बसून, एक एक. बोंडं वाया जातात म्हणून कुरकुरतात, पण फोडतात.

आपला,
एक वाचक, नागपूर