पेठेची काय पडलीय?

लेस्टर (इंग्लंड), जानेवारी
शनिवार रात्र

तीर्थस्वरूप आबाकाका यांना,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही तावातावाने बोलत होता आणि नेमकी मध्येच रेंज गेली. "पैसे घेऊन आलेला तो आफ्रिकेचा पोरगा, त्याला पेठेची काय पडलीय?" एवढंच ऐकू आलं. आपल्या कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघाने बाहेरून आणलेल्या त्या खेळाडूबद्दल बोलत होता ना? त्याचं उत्तर आठवडाभर डोक्यात घोळतंय.

एक कबुली आधी देतो. मॅच असेल त्या शनिवारी मी इथल्या वेलफर्ड रोडच्या रग्बी मैदानावर चहा आणि पाय विकायला जातो. काकूंना माहीत आहे, तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पाय म्हणजे तंगडी नव्हे, मटणाचं सारण भरलेली जाड खारी म्हणा. मैदानात सुमारे २६ हजार माणसं मावतात. मॅच मला दिसत नाही, नुसती ऐकू येते. आरडाओरडा अंगावर आला की शाहू स्टेडियमचीच आठवण होते. फक्त इथे पावसात भिजूनही कोणी कोणाच्या आईबापाचा उद्धार करत नाही.

माझ्याबरोबर गल्ल्यावर साठीच्या एक बाई असतात. लेस्टर टायगर्स या इथल्या रग्बी क्लबची चाळीस वर्षं त्यांना तोंडपाठ. त्या सांगतात, १९९५ च्या ऑगस्टपर्यंत या रग्बीत खेळायचे पैसे घेणंच नियमाविरुद्ध होतं. बंदी उठली आणि पुढच्याच हंगामांत क्लबांनी थैल्या मोकळ्या केल्या. लंडनच्या सॅरसन्सने ऑस्ट्रेलियाचा लायना, फ्रान्सचा सेला आणि १९९५ मध्ये मंडेलांच्या हातून विश्वचषक घेतलेला दक्षिण आफ्रिकेचा कप्तान पिनार, अशी माणसं एका दमात आणली. त्या अंतिम सामन्यात विजयी किक मारणारा स्ट्रान्स्की लेस्टरला आला. तेव्हाही इथली म्हातारी मंडळी तुमच्यासारखीच कुरकुरली असणार, काका.

पण मला सांगायचंय ते तुइलागी भावांचं. सामोआ हा पॅसिफिकमधला बेटांचा देश, वस्ती सगळी मिळून दोन लाखांच्या आसपास. तिथला फ्रेडी २००० मध्ये लेस्टरला आला. मग एकेक करत त्या घरातले सहा भाऊ याच क्लबकडून खेळले. आपल्याकडे एका तालमीत एका घरातले तिघं असले तरी पेठ त्यांचं नाव काढते! धाकटा मनू तेरा वर्षांचा असताना सुट्टीच्या व्हिसावर भावाकडे आला आणि परत गेलाच नाही. शाळा इथली, खेळ इथला, मित्र इथले. २०१० मध्ये सरकारच्या लक्षात आलं की पोरगं कागदाविना राहतंय, आणि त्याला परत पाठवायची भाषा सुरू झाली. लेस्टरमध्ये त्याच्यासाठी मोहीम उभी राहिली, अखेर राहायला परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो इंग्लंडकडून पहिला सामना खेळला आणि वेल्सविरुद्ध त्यानं ट्राय केला, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला. गल्ल्यावरच्या बाई हे सांगताना अजून डोळे पुसतात. त्याच वर्षीच्या विश्वचषकात इंग्लंड हरल्यावर पठ्ठ्यानं ऑकलंडच्या बंदरात बोटीतून उडी मारली आणि दंड भरला, हे मात्र हसत सांगतात. २०२४ मध्ये तो फ्रान्सला गेला.

आता मला हे सगळं इतकं का लागलं? माझ्या व्हिसाचे दिवस मीही बोटांवर मोजतो, म्हणून. परदेशी खेळाडूचा व्हिसा क्लबच्या कागदावर टांगलेला असतो. पूर्वी एक पळवाट होती. कोल्पाक नावाच्या स्लोव्हाक हँडबॉलपटूच्या खटल्यात २००३ मध्ये युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला, आणि त्याच्या आधारे सामोआ, फिजी, दक्षिण आफ्रिकेची पोरंही क्लबांच्या परदेशी खेळाडूंच्या मर्यादेत धरली जाईनात. ब्रेक्झिट झालं, ती वाट बंद. त्यात २०२२ च्या शरद ऋतूत वूस्टर आणि वॉस्प्स हे दोन क्लब पैशाअभावी बुडाले, पाठोपाठ लंडन आयरिश. इथल्या पोरांची नोकरी गेली. बाहेरून आलेल्याची नोकरीबरोबर राहायची परवानगीही धोक्यात. घर भाड्याचं, मुलं शाळेत, तिकडे बेटावर म्हातारी मनीऑर्डरची वाट बघतेय.

तेव्हा तुमच्या त्या पोराला पेठेची काय पडलीय, हे मला ठाऊक नाही. पण मंगळवार पेठेच्या ज्या खोलीत तो राहतो, तिथून संध्याकाळी तो घरी फोन लावत असणार आणि मध्येच त्याचीही रेंज जात असणार. शिवाजी पेठेविरुद्ध गोल मारला की तुम्ही त्याला खांद्यावर घेता, मग एखाद्या रविवारी जेवायलाही बोलवा. तांबडा रस्सा जरा बेतानं वाढा. मिरची त्यालाही चालत असेल, पण आपली संकेश्वरी वेगळीच.

काकूंना सांगा, कुणी इकडे येणार असेल तर कांदा-लसूण चटणीचा अर्धा किलो पाठवा. मागच्या डब्यातली गल्ल्यावरच्या बाईंनी पायवर पसरून संपवली.

आपला,
बंड्या